घरची गोष्ट वहींत कशी उतरवावी

छात्राध्यापकानें घरची गोष्ट लिहावयास सांगितली म्हणजे पुष्कळ मुलें म्हणतात, “आमच्या घरीं लिहिण्याजोगें कांहीं नाहीं.” अशा वेळीं बहिणाबाई चौधरी यांचें उदाहरण त्यांच्यापुढें ठेवावें. जळगांवजवळील असोदे गांवीं १८८० सालीं जन्मलेल्या या शेतकरी स्त्रीस अक्षरओळख नव्हती. काम करितां करितां त्यांच्या मुखीं आलेलीं गाणीं पुत्र सोपानदेव व एक नातलग यांनीं उतरून घेतलीं. १९५१ सालीं बहिणाबाई निवर्तल्या. १९५२ सालीं तीं गाणीं पुस्तकरूपानें निघालीं. जीं कोणीं उतरून घेतलीं नाहींत, तीं त्यांच्याबरोबरच गेलीं.

यास्तव अध्यापकानें पुढील क्रम ठेवावा :

१. मुलानें घरांतील वडील माणसास एकच प्रश्न विचारावा : आपली विहीर कोणीं खणली? दुष्काळांत काय खाल्लें?

२. उत्तर अहिराणींत, लेवा बोलींत वा भिलींत मिळेल, तसेंच लिहावें. बहिणाबाईंचीं गाणींही त्यांच्या बोलींतच छापलीं आहेत.

३. लिहिलेलें त्याच माणसास वाचून दाखवावें. जें तो उघड करूं इच्छीत नाहीं, तें गाळावें.

विचारार्थ प्रश्न : आपल्या घरांतील कोणाचें बोलणें अद्याप वहींत आलें नाहीं? त्याचें वय काय?