एकच ध्वनिक्षेपक, दोन विवर्धक

तबकडी तीच, खोली तीच आणि ध्वनिक्षेपकांची म्हणजे लाउडस्पीकरांची जुनी जोडीही तीच. बदलला तो केवळ विवर्धक, म्हणजे अँप्लिफायर. तरीही तंबोऱ्याचा खर्ज एका विवर्धकावर भरदार पण काहीसा सैल, तर दुसऱ्यावर आटोपशीर ऐकू येतो. जुने ध्वनिक्षेपक जतन करणाऱ्या रसिकांना असा अनुभव पुष्कळदा येतो. कोणी त्याचे श्रेय निर्वात नलिकांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, गोडव्याला देतो, तर कोणी ट्रान्झिस्टरच्या रुक्षपणाला दोष देतो. वस्तुतः या भेदाचे मुख्य कारण मोजता येण्यासारखे आहे. ते न जाणल्यास पैसा व्यर्थ जातो आणि प्रसंगी दुर्मिळ यंत्रही निकामी होते.

संरोध म्हणजे काय?

अमेरिकेतील राइस व केलॉग या संशोधकांनी 1925 मध्ये ज्या प्रकारच्या ध्वनिक्षेपकाचे वर्णन प्रसिद्ध केले, तोच प्रकार आजही सर्वाधिक प्रचारात आहे. त्यात कागदी शंकूला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात पुढेमागे हलते. प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहाला ध्वनिक्षेपकाचा जो एकूण विरोध होतो, त्यास संरोध म्हणतात. ध्वनिक्षेपकावर ‘8 ओहम’ असे छापलेले असले, तरी तो आकडा केवळ नाममात्र होय. शंकूच्या स्वाभाविक कंप्रतेजवळ संरोध अनेक पटींनी वाढतो व इतरत्र उतरतो.

विवर्धकालाही स्वतःचा अंतर्गत रोध असतो. त्यामुळे विद्युत् दाबाची वाटणी होते. काही भाग विवर्धकातच खर्च होतो व उरलेला ध्वनिक्षेपकास मिळतो. एखाद्या ध्वनिक्षेपकाचा संरोध एका कंप्रतेस 6 व दुसरीस 40 ओहम आहे असे समजावे. विवर्धकाचा अंतर्गत रोध 2 ओहम असेल, तर पहिल्या ठिकाणी 75 टक्के व दुसऱ्या ठिकाणी सुमारे 95 टक्के दाब पोहोचतो. हा फरक सुमारे 2 डेसिबेलचा असून तो कानास जाणवू शकतो. अंतर्गत रोध 0.1 ओहम असेल, तर हाच फरक सुमारे 0.12 डेसिबेल, म्हणजे नगण्य राहतो. पहिल्या जोडणीत खर्ज भरदार का वाटतो, याचा उलगडा येथे होतो.

शंकूला आवर

दुसरे कारण एका सोप्या प्रयोगाने दाखविता येते. विवर्धकापासून सोडविलेल्या मोठ्या ध्वनिक्षेपकाच्या शंकूवर बोटाने हलकेच टिचकी मारावी व होणारा आवाज लक्षपूर्वक ऐकावा. नंतर त्याची दोन्ही टोके तारेने एकमेकांस जोडून पुन्हा टिचकी मारावी. या वेळी आवाज लवकर विरतो. हलणाऱ्या वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो. त्यास वाट मिळताच प्रवाह वाहू लागतो आणि तोच प्रवाह हालचालीस विरोध करतो. कमी अंतर्गत रोधाचा विवर्धक या तारेचेच काम करतो. मात्र वेटोळ्याच्या तारेलाही स्वतःचा काही ओहम रोध असतो. म्हणून विवर्धकाचा रोध एका मर्यादेखाली कितीही घटविला, तरी विशेष लाभ होत नाही.

येथे नलिका की ट्रान्झिस्टर हा प्रश्न गौण ठरतो. इंग्लंडमधील विल्यमसन यांनी 1947 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नलिका-विवर्धकात ऋण पुनर्भरणाच्या योगे अंतर्गत रोध पुष्कळ कमी राखला होता. उलट, पुनर्भरण नसलेल्या नलिका-विवर्धकात तो सहसा अधिक असतो.

योग्य जोडी

इंग्लंडमधील क्वाड कंपनीचा 1957 चा स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपक याहून निराळा आहे. त्यात शंकूऐवजी विद्युत् भारित पातळ पटल असते. विद्युत् दृष्ट्या तो धारित्रासारखा वागतो, म्हणून श्राव्य कंप्रतांच्या वरच्या टोकास त्याचा संरोध फारच उतरतो. अंतर्गत रोध अधिक असल्यास त्याचे तारस्वर मंदावतात. विवर्धक अतिशक्तिमान असल्यास आत ठिणगी पडून पटलास कायमची इजा होऊ शकते. त्याच कंपनीचा 1953 चा 15 वॉटचा नलिका-विवर्धक त्यास पुरेसा होता.

सर्वच ध्वनिक्षेपकांना सारखी शक्ती लागत नाही. 1946 साली अमेरिकेत निघालेला कर्ण्याच्या रचनेचा क्लिपशहॉर्न आणि 1970 नंतरच्या दशकात बीबीसीने रचलेला छोटा एलएस 3/5ए यांच्या संवेदनक्षमतेत सुमारे 20 डेसिबेलचे अंतर आहे. म्हणजेच पहिला 1 वॉटवर जेवढा मोठा वाजेल, तेवढा वाजण्यास दुसऱ्यास सुमारे 100 वॉट लागतील. शक्ती अपुरी पडली की विवर्धक लहरींची शिखरे छाटतो व आवाज कर्कश होतो.

तुलनेची रीत

इंग्लंडमधील ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात 1978 मध्ये एका श्रवणपरीक्षेचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. क्वाडचा एक नलिका-विवर्धक व दोन ट्रान्झिस्टर-विवर्धक, कोणता वाजतो आहे हे न सांगता ऐकविले, तेव्हा श्रोत्यांना त्यांतील भेद खात्रीने ओळखता आला नाही. अंतर्गत रोध कमी आणि शक्ती पुरेशी असली की विवर्धकांतील अंतर किती घटते, हे यावरून दिसते.

तुलना करताना दोन्ही विवर्धकांचा आवाज मापकाने समान करावा. किंचित मोठा आवाजही कानास अधिक चांगला भासतो. कोणता विवर्धक चालू आहे हे ऐकणाऱ्यास कळू देऊ नये. त्याआधी ध्वनिक्षेपकातील जुनी धारित्रे व शंकूची कड तपासावी. कारण जीर्ण झालेल्या भागांचा दोष विवर्धकाच्या माथी मारला जाण्याचा संभव असतो. मग छापलेल्या ओहमवर विसंबून न राहता किमान संरोध, संवेदनक्षमता व सहन होणारी कमाल शक्ती पाहून विवर्धक निवडावा.