सदनिका विकताना संस्थेस द्यावयाच्या रकमा : देणे कोणते आणि देणगी कोणती

मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली. गाव सोडून नोकरीनिमित्त शहरात आलेल्या कुटुंबांना हक्काचा निवारा मिळावा, ही त्यामागील दृष्टी होती. पुढील काळात गोमंतक, बेळगाव, इंदूर, बडोदे अशा ठिकाणच्या अनेक मराठी कुटुंबांनीही मुंबई, ठाणे व पुणे येथील गृहनिर्माण संस्थांत सदनिका घेतल्या. त्यांतील कित्येकजण निवृत्तीनंतर गावी परतले. काहींची घरे वारसांकडे आली. अशी सदनिका विकण्याची वेळ आली म्हणजे संस्थेस नेमके किती पैसे द्यावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. दूर राहणाऱ्या विक्रेत्यास नियमांची माहिती नसते, ग्राहक घाई करीत असतो आणि अशा वेळी मागितलेली रक्कम निमूटपणे दिली जाते. म्हणून महाराष्ट्रातील यासंबंधीची व्यवस्था प्रस्तुत पाठात समजून घेऊ.

विक्री कशाची होते?

गृहनिर्माण संस्थेतील सभासद सदनिका विकतो, तेव्हा तो संस्थेतील आपले भाग व त्या सदनिकेवरील आपला हितसंबंध दुसऱ्याच्या नावे करून देतो. यासच हस्तांतरण म्हणतात. भाग प्रमाणपत्रावर नव्या सभासदाचे नाव चढविण्याचे काम संस्था करते. संस्थेचा या व्यवहाराशी संबंध येतो तो येथे. विक्रीच्या किमतीत संस्थेचा वाटा नसतो.

संस्थेस घेता येणाऱ्या रकमा

पहिली रक्कम म्हणजे थकबाकी. सेवाशुल्क, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, पाणीपट्टी व महानगरपालिकेचे कर यांपैकी जे देणे राहिले असेल, ते फेडल्यावाचून हस्तांतरण होत नाही. थकबाकीवर सर्वसाधारण सभेने ठरविलेल्या दराने व्याज घेता येते. मात्र आदर्श उपविधींनुसार ते सरळव्याज असून दर साल शेकडा २१ हून अधिक असू शकत नाही.

दुसरी रक्कम बिनभोगवटा शुल्काची. सभासदाने सदनिका भाड्याने दिली असल्यास हे शुल्क लागते. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपुरते मर्यादित केले. महानगरपालिकेचे कर या हिशेबात धरावयाचे नाहीत. गावी राहणाऱ्या मालकांकडून विक्रीच्या वेळी याच सदराखाली मागील अनेक वर्षांची मोठी रक्कम मागितली जाते. म्हणून महिनावार हिशेब अवश्य मागावा.

तिसरी रक्कम किरकोळ शुल्कांची : हस्तांतरण शुल्क ५०० रुपये आणि नव्या सभासदाचे प्रवेश शुल्क १०० रुपये.

चौथी व वादाची रक्कम म्हणजे हस्तांतरण अधिमूल्य. बोलीभाषेत यास ‘ट्रान्स्फर प्रीमियम’ म्हणतात. याचा दर सर्वसाधारण सभेने ठरवावयाचा असतो. एकट्या व्यवस्थापक समितीस तो ठरविता येत नाही. सभेलाही शासनाने घातलेली कमाल मर्यादा ओलांडता येत नाही. सहकार खात्याच्या ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने ही मर्यादा पुढीलप्रमाणे ठरवून दिली : महानगरपालिका व विकास प्राधिकरण क्षेत्रात २५,००० रुपये, ‘अ’ वर्ग नगरपालिकेत २०,०००, ‘ब’ वर्गात १५,०००, ‘क’ वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायत क्षेत्रात ५,००० रुपये. व्यवहारापूर्वी उपनिबंधक कार्यालयात विचारून मर्यादेची खात्री करून घेणे केव्हाही चांगले.

कुटुंबातील व्यक्तीच्या, नामनिर्देशिताच्या किंवा सभासदाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे होणाऱ्या हस्तांतरणास अधिमूल्य लागत नाही. दोन सभासदांनी आपापसात सदनिकांची अदलाबदल केली, तरीही ते लागत नाही.

देणगीच्या नावाखाली मागणी

आदर्श उपविधींत स्पष्ट म्हटले आहे की, अधिमूल्याखेरीज देणगी, अन्य निधीस वर्गणी अथवा दुसऱ्या कोणत्याही निमित्ताने विक्रेत्याकडून किंवा खरेदीदाराकडून रक्कम वसूल करू नये. इमारतीस रंग द्यावयाचा आहे, उद्वाहक बदलावयाचा आहे, हे खर्च खरेच असतात आणि संस्थेची ती गरजही खरी असते. परंतु त्यांचा भार सर्व सभासदांनी सभेत ठराव करून ठरलेल्या प्रमाणात उचलावयाचा असतो. निघून जाणाऱ्या एकाच सभासदाची अडचण पाहून तो त्याच्यावर टाकणे सहकाराच्या तत्त्वाशी विसंगत आहे.

‘ना हरकत दाखला’ ही दुसरी अडचण. हस्तांतरणासाठी संस्थेचा असा दाखला उपविधींनुसार आवश्यक नाही. बँकेच्या कर्जासाठी वा अन्य कारणासाठी तो हवा असल्यास सभासदाने अर्ज करावा आणि समितीने महिन्याच्या आत त्यावर विचार करावा, अशी तरतूद आहे. दाखल्याची किंमत म्हणून देणगी मागणे यात बसत नाही.

जमीन भाडेपट्ट्याची असल्यास

काही संस्थांची जमीन त्यांच्या मालकीची नसून शासन, महानगरपालिका किंवा सिडको यांच्याकडून भाडेपट्ट्याने मिळालेली असते. नवी मुंबईत सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमिनी दिल्या. अशा ठिकाणी मूळ जमीनमालक संस्थेची परवानगी व तिचे स्वतंत्र शुल्क यांचाही विचार करावा लागतो. हे शुल्क संबंधित कार्यालयात भरून तेथील पावती घ्यावयाची असते. गृहनिर्माण संस्थेच्या अधिमूल्याशी त्याची गल्लत करू नये.

एक उदाहरण

समजा, ठाणे महानगरपालिका क्षेत्रातील एक सदनिका भाड्याने दिलेली आहे. करांखेरीज सेवाशुल्क दरमहा ३,००० रुपये आहे. म्हणून बिनभोगवटा शुल्क दरमहा जास्तीत जास्त ३०० रुपये. चार महिन्यांचे देणे थकले आहे : ३,३०० गुणिले ४, म्हणजे १३,२०० रुपये. संस्थेच्या सभेने अधिमूल्य २५,००० रुपये ठरविले आहे. हस्तांतरण शुल्क ५०० रुपये. व्याज व कर सोडून एकूण देणे ३८,७०० रुपये. खरेदीदाराचे प्रवेश शुल्क १०० रुपये वेगळे. आता समितीने ‘इमारत रंगकाम देणगी’ म्हणून आणखी १,००,००० रुपये मागितले, तर ही रक्कम वरीलपैकी कोणत्याही सदरात बसत नाही. ती देण्यास सभासद बांधील नाही.

कामाचा क्रम

१. साठेखत करण्यापूर्वी संस्थेकडून थकबाकीचा लेखी, सदरवार हिशेब घ्यावा.
२. अधिमूल्य ठरविणाऱ्या सभेच्या ठरावाची प्रत मागावी.
३. अधिमूल्य व शुल्क विक्रेत्याने द्यावयाचे, खरेदीदाराने की दोघांनी, हे साठेखतातच लिहावे.
४. हस्तांतरणाच्या इराद्याची सूचना, खरेदीदाराच्या संमतीसह, किमान १५ दिवस आधी संस्थेस द्यावी.
५. विहित नमुन्यातील अर्ज, नोंदणीकृत दस्ताची प्रत व भाग प्रमाणपत्र सादर करून पोच घ्यावी.
६. प्रत्येक रक्कम धनादेशाने द्यावी व पावतीवर रकमेचे सदर लिहून घ्यावे.

पूर्ण अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत संस्थेने निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे. अर्जच स्वीकारला जात नसेल किंवा जादा रक्कम मागितली जात असेल, तर प्रथम समितीस लेखी पत्र द्यावे व त्यानंतर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करावी. पैशाचा वाद सहकार न्यायालयातही नेता येतो. निरुपायाने रक्कम भरावीच लागली, तर ‘हरकत राखून’ असे पत्रात नमूद करून भरावी. स्वखुशीची देणगी म्हणून सही केल्यास पुढे दाद मागणे कठीण जाते.

येथे एक गोष्ट विसरू नये. वरील नियम महाराष्ट्रातील संस्थांचे आहेत. सदनिका ज्या राज्यात, त्या राज्याचा सहकार कायदा तिला लागू होतो. मालक कोठे राहतो यास महत्त्व नाही. पणजी किंवा बेळगाव येथील सदनिकेसाठी अनुक्रमे गोवा व कर्नाटक राज्यांचे कायदे आणि त्या संस्थेचे उपविधी पाहावे लागतात.

संस्थेचे देणे बुडविणे जसे गैर, तसेच देणे नसलेली रक्कम भिडेपोटी देणेही योग्य नव्हे. त्याने पुढच्या विक्रेत्यावरही तोच पायंडा लादला जातो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. थकबाकी व अधिमूल्य यांतील फरक सांगा.
२. सेवाशुल्क दरमहा २,४०० रुपये असल्यास सहा महिन्यांचे बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त किती होईल?
३. वडिलांच्या मृत्यूनंतर सदनिका मुलीच्या नावे होत असताना संस्थेने अधिमूल्य मागितल्यास तिने काय उत्तर द्यावे?