फिजीचा ऊसकरी : मैदान आणि मतपेटी



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते आणि तोडणीचे लिहितो. या खेपेस जरा लांब, पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर जाऊ. तिथेही ऊस आहे, आणि तो पिकवणारे पुष्कळसे मूळचे हिंदी लोक आहेत.

१८७९ ते १९१६ या काळात ६०,००० वर मजूर पाच वर्षांच्या करारावर तिकडे नेले. ‘ॲग्रीमेंट’चे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचे हत्यार. तेही लाकडाला भोकच पाडते म्हणा! गिरमिट सुटल्यावर ऑस्ट्रेलियन साखर कंपनीने मळ्यांचे दहा-दहा एकरांचे तुकडे पाडून खंडाने दिले. ऊस शेतकऱ्याचा, गिरणी, काटा आणि भाव कंपनीचा.

या लोकांचा जीव फुटबॉलवर. मूळ फिजीवासी रग्बी खेळत, हिंदी पोरे फुटबॉल. १९३८ साली सुवा येथे ‘फिजी इंडियन फुटबॉल असोसिएशन’ निघाली आणि त्याच साली जिल्ह्याजिल्ह्यांचे सामने सुरू झाले. बा, लौतोका, नांदी, लंबासा ही उसाची गावे, तीच फुटबॉलची. बा गावात तर फुटबॉलचे स्मारकच आहे. पण नावातच ‘इंडियन’ होते. १९६१ मध्ये तो शब्द काढला आणि संस्था सर्वांना खुली झाली.

मतपेटीचे एवढे सोपे नव्हते. १९२९ मध्ये हिंदी लोकांना कायदे मंडळात तीन जागा मिळाल्या, पण मतदार यादी वेगळी. निवडून आलेल्या तिघांनी सर्वांची एकच यादी मागितली आणि ती मिळेना म्हणून सभात्याग केला. पुढे हीच मागणी गुजरातेतून गेलेले वकील ए. डी. पटेल यांनी धरली. ऊसकऱ्यांच्या १९६० च्या भांडणातून उठलेल्या चळवळीने १९६४ मध्ये फेडरेशन पार्टीचे रूप घेतले. १९६९ च्या लवादापुढे ऊसकऱ्यांची बाजू पटेलांनीच मांडली. निकाल ऐकायला मात्र ते राहिले नाहीत. ऑक्टोबर १९६९ मध्ये वारले. जानेवारी १९७० मध्ये लॉर्ड डेनिंग यांनी विक्रीच्या उत्पन्नातले ६५ टक्के शेतकऱ्याला आणि ३५ टक्के गिरणीला, असे ठरवले. कंपनीला हे मानवले नाही. १९७३ मध्ये तिने गाशा गुंडाळला आणि गिरण्या सरकारकडे गेल्या.

भाव असा मिळाला, एक यादी मात्र २०१३ च्या घटनेने आली आणि तिच्यावर पहिले मतदान २०१४ मध्ये झाले. तोवर पुष्कळांनी ऊस सोडला होता. जमीन मूळ फिजीवासीयांच्या मालकीची. तीस वर्षांचे खंडाचे करार १९९७ पासून संपू लागले आणि कित्येकांचे पुन्हा झालेच नाहीत.