सरकारी अभियोक्त्याचा साहाय्यक : अभियोजन व्यवस्थेतील दुर्लक्षित दुवा

न्यायदानातील विलंबाची चर्चा बहुधा न्यायाधीशांच्या रिक्त पदांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. तथापि, फौजदारी खटला शासनाच्या वतीने सरकारी अभियोक्ता चालवितो आणि त्याची तयारी कितपत झाली आहे, यावर त्या दिवशीची सुनावणी होणार की तहकूब होणार हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. ही तयारी करून देणारा साहाय्यक कोण आणि तो कोणाच्या अखत्यारीत असतो, हे प्रश्न नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाचे असूनही क्वचितच विचारले जातात.

कामाचे स्वरूप

सत्र न्यायालयातील खुनाचा एखादा खटला उदाहरणादाखल घेता येईल. दोषारोपपत्रासोबत प्रथम माहिती अहवाल, घटनास्थळाचा व जप्तीचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, साक्षीदारांचे जबाब, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल अशी शेकडो पृष्ठे येतात. त्यांची सूची करणे आणि कोणती बाब कोणत्या साक्षीदाराकडून सिद्ध करावयाची याचा तक्ता मांडणे, हे साहाय्यकाचे पहिले काम होय. मुद्देमालाचा क्रमांक, त्यावरील मोहोर, तो प्रयोगशाळेकडे पाठविल्याची तारीख आणि तेथील पोहोच यांचा मेळ घालणे हे त्याहून किचकट काम. हा मेळ बसला नाही, तर रक्ताने माखलेल्या हत्याराचेही पुरावामूल्य धोक्यात येते. सीसीटीव्ही चित्रण असल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडले आहे काय, हे सुनावणीच्या दिवशी नव्हे, आधीच पाहावे लागते.

त्यानंतर साक्षीदार. तपासी अधिकाऱ्याची बदली झालेली असते, वैद्यकीय अधिकारी अन्य जिल्ह्यात गेलेला असतो, पंच रोजगारासाठी स्थलांतरित झालेला असतो. समन्स बजावले गेले की नाही याचा पाठपुरावा, आलेल्या साक्षीदाराला त्या दिवशी तपासले जाईल याची खातरजमा आणि त्याच्या भत्त्याची व्यवस्था, ही कामे कोणत्याही निकालपत्रात दिसत नाहीत. रोजंदारीवरील साक्षीदार दोनदा मजुरी बुडवून परत गेला, तर तिसऱ्यांदा तो येईलच असे नाही.

डोके स्वतंत्र, हात पोलिसांचे

ही कामे सध्या प्रामुख्याने पोलीस कर्मचारी पार पाडतात. महाराष्ट्रात त्यांना ‘पैरवी’ अधिकारी वा अंमलदार म्हणतात, तर दिल्ली-पंजाबकडे ‘नायब कोर्ट’. शिक्षा झाल्याच्या बातमीत शेवटच्या ओळीत पैरवी म्हणून काम पाहणाऱ्याचे नाव येते, तेवढीच त्याची सार्वजनिक ओळख. यांतील अनेक जण अनुभवाने अत्यंत कुशल असतात, हे नमूद केले पाहिजे. प्रश्न व्यक्तींचा नसून रचनेचा आहे.

विधी आयोगाने 1958 च्या चौदाव्या अहवालात अभियोजन विभाग पोलिसांपासून अलग करण्याची शिफारस केली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ते तत्त्व स्वीकारले. तरीही महाराष्ट्रातील सहायक सरकारी अभियोक्ते पोलिसांच्या नियंत्रणाखालीच राहिल्याने, 1995 मध्ये शहाणे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला त्यांचा स्वतंत्र संवर्ग निर्माण करण्याचे निर्देश द्यावे लागले. 2005 च्या दुरुस्तीने अभियोग संचालनालयाची तरतूद आली. 1 जुलै 2024 पासून अमलात असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने जिल्हा पातळीवरील संचालनालयाचीही तरतूद केली. संचालक, उपसंचालक व सहायक संचालक यांनी कोणत्या शिक्षेच्या प्रकरणांवर देखरेख ठेवावी, हेही तीत सांगितले आहे. साहाय्यकाचा मात्र उल्लेख नाही. परिणामी अभियोक्ता स्वतंत्र झाला, पण त्याच्यासाठी कागद लावणारे हात तपासयंत्रणेचेच राहिले.

याची किंमत न्यायालयात मोजावी लागते. साक्षीदाराला जबाब कोणी वाचून दाखविला, तो कोणासोबत आला, हे उलटतपासणीतील ठरलेले प्रश्न आहेत. उत्तरात ‘पोलीस’ आले की पढविल्याचा आरोप सुकर होतो. दुसरी बाजू आरोपीची. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये फौजदारी खटल्यांतील त्रुटींबाबत दिलेल्या निर्देशांनुसार, अभियोजन पक्ष ज्यांचा आधार घेत नाही अशा जबाबांची व कागदपत्रांचीही यादी आरोपीला द्यावयाची आहे. ज्या यंत्रणेने तपास केला तिच्याच कर्मचाऱ्याने तपासाला प्रतिकूल कागद शोधून यादीत घालावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

खर्चाचे गणित

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5,73,220 बंदी होते. त्यांपैकी 4,34,302 म्हणजे 75.8 टक्के कच्चे कैदी होते. प्रत्येक तहकुबीबरोबर त्यांच्या पोषणाचा, बंदोबस्ताचा व ने-आण करण्याचा खर्च वाढतो, त्यांच्या कुटुंबांचे उत्पन्न बुडते ते वेगळेच. सर्वच तहकुब्या अभियोजनामुळे होतात असे नाही. परंतु ज्या होतात, त्या टाळण्याचा सर्वांत स्वल्प खर्चाचा उपाय म्हणजे साहाय्यकाचे वेतन. अनुभवी विधिज्ञाने स्वतः सूची करीत बसणे हा श्रमविभागणीच्या प्राथमिक तत्त्वाचा भंग आहे.

जपानमध्ये अभियोक्त्यांपेक्षा त्यांच्या साहाय्यक अधिकाऱ्यांची संख्या कितीतरी अधिक आहे. परीक्षा देऊन त्यांना कनिष्ठ अभियोक्ता होता येते. इंग्लंडमध्ये 1986 साली सुरू झालेल्या अभियोजन सेवेत वकील नसलेल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना 1998 च्या कायद्याने दंडाधिकाऱ्यांपुढील मर्यादित कामही देण्यात आले. भारतात असा अधिकार देण्याची घाई नको. विशेष म्हणजे आपल्याकडे बचाव पक्षासाठी हा विचार झालेला आहे : राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2022 च्या बचाव-वकील योजनेत वकिलांबरोबर कार्यालयीन साहाय्यकांची पदेही धरलेली आहेत.

अभियोजनासाठी विधी पदवीधरांचा छोटा संवर्ग जिल्हा संचालनालयाखाली नेमता येईल. आरंभ सत्र न्यायालयांपासून व्हावा, कारण तेथील कागदपत्रांचा भार अधिक असतो. न्यायालयापुढे युक्तिवाद न करणे, गोपनीयता पाळणे आणि साक्षीदाराशी झालेल्या प्रत्येक भेटीची नोंद ठेवणे या अटी नियुक्तिपत्रातच असाव्यात. समन्स बजावणीचे काम पोलिसांकडेच राहील. तिचा पाठपुरावा तेवढा या साहाय्यकाकडे यावा.