जुना संगणक, नवा मॉनिटर आणि रुंदावलेला गणपती

प्रश्न : अमळनेरला आमचं लग्नपत्रिका छापण्याचं दुकान आहे. पेजमेकर आणि श्रीलिपी विंडोज एक्सपीच्या जुन्या संगणकावर आहेत. ऐन लग्नसराईत जुना डबा मॉनिटर गेला, म्हणून साडेअठरा इंची एलईडी मॉनिटर आणला. आधी काळ्या पडद्यावर नुसतंच ‘आउट ऑफ रेंज’ आलं. मुलाने खटपट करून चित्र आणलं, पण अक्षरं पुसट आणि गणपती आडवा पसरलेला. दुकानदार म्हणतो, संगणकच बदला. बदलावा लागेल का? आणि पत्रिकाही अशाच रुंद छापल्या जातील का?

उत्तर : आधी पत्रिकेचं सांगतो, कारण घाई तिची आहे. छपाईवर काहीही परिणाम होणार नाही. पेजमेकर मापं इंच-मिलिमीटरमध्ये धरतो. पडदा चित्र कसं ताणतो याची त्याला खबरही नसते. मात्र डोळ्यांना बरा दिसावा म्हणून पडद्यावरचा गणपती बाजूने दाबू नका. तसं केलंत तर छापताना तो खरोखर बारीक होईल.

संगणक बदलण्याचीही घाई नको. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 7.0, तीही 2001 सालची. श्रीलिपीचं जुनं कुलूप प्रिंटरच्या रुंद पोर्टला लागणारं असेल, तर नव्या संगणकाला बहुधा ते पोर्टच नसतं. चालू घडी मोडण्याआधी दोष कुठे आहे ते पाहू. तो संगणकाच्या वयात नाही, जुळणीत आहे.

डबा मॉनिटरमध्ये चित्र सेकंदाला साठ वेळा काढलं तर ते लुकलुकतं आणि डोळे दुखतात. म्हणून त्या काळी जाणकार मंडळी हा वेग 85 हर्ट्झवर नेऊन ठेवत. डबा गेला, पण सेटिंग संगणकात तसंच राहिलं. एलईडी मॉनिटरला इतका वेग सहसा पेलत नाही; तेच तो ‘आउट ऑफ रेंज’ म्हणून सांगत होता. त्यात बिघाड काही नव्हता. त्याला 60 पुरतात, कारण त्याचा ठिपका पुढचं चित्र येईपर्यंत विझत नाही. असा प्रसंग पुन्हा आला, तर संगणक सुरू होताना एफ-8 दाबत राहा आणि यादीतून ‘इनेबल व्हीजीए मोड’ निवडा. चित्र मोठं, ओबडधोबड येईल, पण येईल. मग वेग 60 वर आणता येतो.

आता पुसटपणा. डबा मॉनिटरच्या काचेवर ठिपक्यांची सक्ती नव्हती; द्याल त्या मापाचं चित्र तो काढायचा. सपाट पडद्यावर ठिपके कारखान्यातच मोजून बसवलेले असतात. साडेअठरा इंचीत बहुधा आडवे 1366 आणि उभे 768. तुमचा संगणक बहुतेक अजून 1024 गुणिले 768 चं चित्र पाठवतो आहे. उभी संख्या जुळते, आडवी जुळत नाही. तीन वाट्या वरण चार पानांत वाढावं, तसे तीन ठिपके चार जागांत पसरतात. म्हणून गणपती एक तृतीयांशाने रुंद झाला.

एक अक्षर निरखून पाहा. शिरोरेषा धारदार दिसेल, पण काने पुसट. त्यातही एक काना जाड, पुढचा बारीक. आडव्या रेषांच्या ओळी जुळल्या आहेत, उभ्या रेषांना मात्र अर्धवट ठिपके वाट्याला आले आहेत. असं दिसलं तर दुखणं हेच, याबद्दल शंका नको.

उपाय असा. डेस्कटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग सेटिंग्ज. तिथली पट्टी सरकवून 1366 गुणिले 768 निवडा. ॲडव्हान्स्डमध्ये मॉनिटर या पानावर 60 हर्ट्झ ठेवा. पडदा काळा झालाच तर काही दाबू नका. पंधरा सेकंदांत जुनं सेटिंग आपोआप परत येतं.

हा आकडा यादीत नसेल तर 1360 पाहा. 1366 ला आठाने भाग जात नाही आणि बऱ्याच जुन्या चिप्सना आठाच्या पटीतलीच रुंदी चालते. सहा ठिपक्यांचा फरक जवळजवळ जाणवत नाही. यादीत दोन-तीनच आकडे असतील, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेसमोर पिवळी खूण आहे का बघा. असल्यास मदरबोर्डच्या मॉडेलचा एक्सपीचा ड्रायव्हर टाकून घ्या. आणि चिपच तेवढी जुनी निघाली, तर जळगावच्या गोलाणी मार्केटात सतरा इंची चौकोनी मॉनिटर जुन्यात मिळतो का ते विचारा. त्याचे ठिपके 1280 गुणिले 1024. उभ्या पत्रिकेच्या कामाला मला तर तो रुंद पडद्यापेक्षा सोयीचा वाटतो.

आकडा जुळल्यावर पडदाभर पांढरं पान उघडा आणि मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबा. पंधरा पिनांच्या निळ्या केबलमधून, म्हणजे 1987 सालच्या व्हीजीए पद्धतीने, चित्र चढउतारांच्या विद्युतलहरीच्या रूपात येतं. त्यात एक ठिपका कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला, हे मॉनिटरला अंदाजाने ओळखावं लागतं. पांढऱ्या पानाच्या कडा स्पष्ट असल्या की अंदाज चुकत नाही. काळ्या डेस्कटॉपवर हेच बटण चित्र एका बाजूला सरकवतं. नंतरही अक्षरं थरथरली तर मेनूतला ‘फेज’ हळूहळू फिरवा.

अक्षरं बारीक वाटू लागली म्हणून आकडा खाली 800 वर आणण्याचा मोह होईल. बहुतेक ठिकाणी पुसटपणा याच वाटेने परत येतो. पेजमेकरमध्ये पान झूम करा आणि मेनूची अक्षरं डीपीआय वाढवून मोठी करा. प्रॉपर्टीजमधल्या अपिअरन्स, इफेक्ट्समध्ये ‘क्लिअरटाइप’ निवडलंत तर काने-मात्रा आणखी सुबक दिसतात.

पडद्यावर आडव्या लाटा सावकाश वर सरकत असतील, तर मात्र अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा विरोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालायला वायरमनला सांगा. मॉनिटर खिडकीच्या उन्हातही ठेवू नका. बहुतेकांच्या माहितीपत्रकात 40 अंशांची मर्यादा असते आणि मे महिन्यातला आपला पारा तुम्हाला ठाऊक आहेच.

राहिला जुना डबा. तो घरी उघडू नका, मुलाला तर अजिबात उघडू देऊ नका. बंद केल्यावरही नळीत काही हजार व्होल्टचा भार साठून राहू शकतो आणि काचेत शिसं असतं. फोडून तांबं काढणाऱ्या भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे अख्खाच द्या.