प्रवासापूर्वीची चौकशी आणि तवक्कुल



सूरह आलि इमरानच्या 97 व्या आयतीत अल्लाहने आपल्या घराचा हज मानवांवर अनिवार्य केला आहे. मात्र जो तेथवर पोहोचण्यास समर्थ असेल त्याच्यावरच. या सामर्थ्याला फिक्हच्या परिभाषेत 'इस्तिताअत' म्हणतात. तिचा अर्थ आपण बहुधा पैसा आणि प्रकृती एवढाच घेतो. फकीहांनी मात्र आणखी एक गोष्ट तिच्यात गणली आहे: 'अम्नुत्तरीक', म्हणजेच वाटेची सुरक्षितता.

हा विषय आज घेण्यास एक निमित्त घडले. जुन्या नाशकातील दर्सनंतर एका भगिनीने विचारले की, उमरा आणि बैतुल मुकद्दसची जियारत अशा एकत्र सफरीसाठी मुलाने पैसे भरले आहेत, तिकडच्या बातम्या चांगल्या नाहीत, पण मुलगा म्हणतो, "अम्मी, मौत लिहिली असेल तिथेच येईल, अल्लाहवर सोडा." हे बोलणे ईमानाचे आहे की निष्काळजीपणाचे, असा त्यांचा प्रश्न होता. दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा तो नव्हता.

हजरत उमर (रजि.) आपल्या खिलाफतीच्या काळात शामकडे निघाले होते. सर्ग नावाच्या ठिकाणी हजरत अबू उबैदा (रजि.) आणि इतर सेनापती त्यांना भेटले व शाममध्ये साथ पसरल्याची वार्ता त्यांनी दिली. ही घटना बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. त्यातील क्रम ध्यानात घ्या. प्रथम वार्ता मिळाली ती त्या प्रदेशातूनच आलेल्या माणसांकडून. मग खलीफांनी मुहाजिरांना बोलावले. त्यांच्यात मतभेद झाले. अन्सारांना बोलावले, त्यांचेही तेच. शेवटी कुरैशच्या ज्येष्ठांना विचारले, तेव्हा सर्वांनी एकमुखाने परतण्याचा सल्ला दिला. अबू उबैदांनी (रजि.) विचारले की हे अल्लाहच्या तकदीरीपासून पळणे नव्हे काय? उमर (रजि.) यांचे उत्तर असे होते की आपण अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. उंट हिरव्या काठावर चारला काय किंवा ओसाड काठावर चारला काय, दोन्ही तकदीरच, हे त्यांनी दृष्टांताने समजावले. साथीच्या प्रदेशात जाऊ नये आणि तेथे असल्यास पळून निघू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी नंतर येऊन सांगितली. म्हणजे चौकशी आणि सल्लामसलत यांच्या बळावर निर्णय आधीच झाला होता. हदीसने त्याला पुष्टी दिली.

स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांची हिजरत पाहा. मदीना उत्तरेस, आणि ते गेले दक्षिणेकडील सौर गुहेत. तीन रात्री तेथे मुक्काम केला. अबू बक्र (रजि.) यांचे पुत्र अब्दुल्लाह दिवसभर मक्केत कुरैशचे बेत ऐकत आणि रात्री येऊन सांगत. वाटाड्या म्हणून अब्दुल्लाह बिन उरैकित याला ठेवले, जो त्या वेळी मुसलमान नव्हता, पण वाटा जाणणारा आणि विश्वासू होता. बातमी कोणाची घ्यावी, याचे निकष येथे दिसतात: जाणकारी आणि भरवसा. आपल्याकडे मात्र मोहल्ल्यातील एखाद्याच्या मोबाइलवर आलेला संदेश प्रमाण ठरतो आणि दूतावासाची सूचना 'सरकारी भीती' म्हणून बाजूला पडते.

खोट्या दिलाशाचा धोकाही सीरतमध्ये नोंदलेला आहे. हबशाला गेलेल्या पहिल्या मुहाजिरांना वार्ता मिळाली की मक्केच्या लोकांनी इस्लाम स्वीकारला. काही जण परतले. मक्केजवळ आल्यावर कळले की वार्ता खोटी होती. कोणाला एखाद्याच्या संरक्षणाखाली शहरात शिरावे लागले, कोणाला लपून. सूरह हुजुरातच्या 6 व्या आयतीतील पडताळणीचा आदेश जसा भीतीच्या बातमीला लागू आहे, तसाच आनंदाच्या बातमीलाही.

आता फिक्हकडे वळू. सुरक्षितता म्हणजे शून्य धोका नव्हे. हनफी फकीहांचा निकष असा की वाटेत सलामतीची शक्यता अधिक असेल तर हज अनिवार्यच. अन्यथा कोणीच कधी घराबाहेर पडणार नाही. कोकणातील आपले बहुतेक बांधव शाफई आहेत. त्या मसलकात वाट सुरक्षित नसेल तर हज फर्जच होत नाही. हनफींत दोन मते आहेत. अधिक मान्य मतानुसार फर्ज राहतो, फक्त अदा करणे लांबते, आणि त्यापूर्वीच मृत्यू आला तर हज्जे बदलची वसीयत करावी लागते. म्हणून भीतीचे निमित्त करून हज टाळणाऱ्यालाही येथे मोकळीक नाही.

अशी निमित्तेही इतिहासात झाली आहेत. सोळाव्या शतकात अरबी समुद्रावर पोर्तुगीजांची सत्ता होती. त्यांचा 'कार्ताझ' हा परवाना घेतल्याशिवाय सुरतेचे जहाज निर्धास्त जाऊ शकत नसे. अकबराच्या दरबारातील मखदूमुल्मुल्क यांनी या कारणाने हिंदुस्थानच्या मुसलमानांवर हज फर्ज नाही असा फतवा दिल्याचे बदायुनी लिहितो, आणि त्यांच्या हेतूबद्दल त्याला फारसा आदर नव्हता. पुढे 1579 मध्ये अकबराने त्यांनाच मक्केला रवाना केले! याउलट त्याच काळात अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली. पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी तिला सुरतेला बराच काळ थांबावे लागले. ती थांबली, आणि परवाना मिळाल्यावर गेली.

आपल्या काळात कार्ताझची जागा पासपोर्ट आणि व्हिसाने घेतली आहे. भारताचे पासपोर्ट आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात, ही गोष्ट येथील मुलांना माहीत असते. पण तो हाती आल्यावर पुढे काय पाहावे, हे घरातील मोठ्यांनाही ठाऊक नसते. परराष्ट्र मंत्रालयाचे आणि त्या देशातील भारतीय दूतावासाचे संकेतस्थळ उघडा. सूचना केव्हाची आहे ते पाहा. 'अनावश्यक प्रवास टाळावा' आणि 'प्रवास करू नये' या दोन वाक्यांत मोठा फरक आहे. पहिल्यात विचाराला वाव आहे, दुसऱ्यात नाही. सूचना संपूर्ण देशासाठी आहे की एखाद्या सीमाभागासाठी, हेही वाचा. विमान कोठे बदलायचे आहे ते विसरू नका: 23 जून 2025 च्या रात्री कतारसह आखातातील काही देशांनी आपले आकाश काही तास बंद केले, तेव्हा ज्यांना त्या देशांत उतरायचेही नव्हते असे प्रवासी अडकले. त्याच महिन्यात इराण आणि इस्रायलमधून चार हजारांहून अधिक भारतीयांना 'ऑपरेशन सिंधू'द्वारे परत आणावे लागले; इराणमधून आलेल्यांत जियारतला गेलेलेही होते. विम्याच्या कागदावरील बारीक अक्षरे वाचा. युद्धामुळे झालेले नुकसान अनेक विमा कंपन्या भरून देत नाहीत.

नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणांची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण त्यांच्यामागे कर्ज असते. दहावी न झालेल्यांना आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. एजंट 'व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलू' म्हणतो तेव्हा तो हेच संरक्षण काढून घेत असतो. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर दिसते. थायलंडमधील संगणकाच्या नोकरीच्या नावाखाली म्यानमारच्या ठगकेंद्रांत अडकलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणले गेले.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेत घेतला, तेव्हा कोकणातील आणि मुंबईतील कित्येक घरांतील कमावते पुरुष तेथे होते. सुमारे 1 लाख 70 हजार भारतीय वाळवंट ओलांडून अम्मानला आले आणि एअर इंडियाने त्यांना मुंबईस आणले. अनेकांचे पासपोर्ट मालकांच्या कपाटात होते, कारण ते मालकाकडे ठेवण्याची तेथे पद्धतच होती. पासपोर्ट, व्हिसा आणि करारपत्र यांच्या दोन प्रती काढा, एक घरी आईजवळ ठेवा, हे त्या पिढीतील माणसे आजही सांगतात. (आणि सामानात खसखस देऊ नका. आपल्या स्वयंपाकघरातील ही साधी वस्तू संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरबमध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते.)

त्या भगिनीला आम्ही सांगितले की दोन सफरी वेगळ्या करा. मस्जिदे अक्सातील नमाजचे पुण्य मोठे आहे, परंतु तेथे जाणे फर्ज नाही, आणि त्या भागाबद्दलची त्या वेळची सूचना प्रतिकूल होती. सौदी अरबसाठी तेव्हा तशी सूचना नव्हती. मुलाने दोन्ही सूचना स्वतः वाचल्या आणि तारीख बदलली. पैशांचा काही भाग बुडाला, त्याचे त्याला वाईट वाटले. अम्मी मात्र त्याच महिन्यात उमऱ्याला गेल्या, आणि पासपोर्टची एक प्रत तो आता स्वतःच्या पाकिटात बाळगतो.