व्यवसायशिक्षणास सरकारी साहाय्य व आपलें दप्तर

गुरांचा डॉक्टर, परिचारिका व शेतकीचा पदवीधर या तिघांची उणीव खेड्यांत किती भासते, हें कृषक बंधूंस आम्हीं सांगावयास नको. सन २०२२ मध्यें लंपी त्वचारोग आला तेव्हां पशुवैद्यकाची वाट पाहत ज्यांनीं गोठ्यांत रात्री काढल्या, ते तें जाणतात. पशुवैद्यकाची पदवी साडेपांच वर्षांची. इतकीं वर्षें मुलास परगांवीं ठेवणें जिराइतीच्या उत्पन्नावर झेपत नाहीं.

यासाठीं सरकारनें आपला हात बराच पुढें केला आहे. ८ जुलै २०२४ च्या निर्णयानें आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लक्षांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींस व्यवसायशिक्षणाचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झालें. पूर्वी तें निम्मे होतें. कृषि, पशुवैद्यक व वैद्यकीय शाखा यांत येतात. मात्र प्रवेश सरकारच्या केंद्रीय पद्धतीनें झालेला पाहिजे. संस्थाचालकांच्या कोट्यांतून घेतलेल्या जागेस ही सवलत नाहीं. याखेरीज अल्पभूधारकांच्या मुलांस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवें वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

आमच्या मतें गुरांच्या डॉक्टरीपुरतें तरी मुलांसही पूर्ण शुल्क द्यावें, व पदवीनंतर कांहीं वर्षें तालुक्याच्या दवाखान्यांत सेवा करण्याची हमी लिहून घ्यावी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत असें बंधपत्र घेतात. मग माणसांस जो न्याय तो गुरांस कां नसावा?

परंतु साहाय्य वाढलें तरी तें दप्तरापाशीं अडतें. आमच्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत एक शेतकरी मुलाच्या भत्त्यासाठीं अल्पभूधारकाचा दाखला मागावयास आले. खातें साडेपांच हेक्टरांचें, तेंही वडिलांच्या नांवें. वडील वारून अकरा वर्षें झालेलीं. चार भाऊ, प्रत्येकाची वहिवाट दीड हेक्टराहून कमी. दाखल्यास मर्यादा दोन हेक्टरांची, आणि यांच्या स्वतःच्या नांवें तर गुंठाही नाहीं! आम्हीं नियम सांगून कागद परत केला. नियम बरोबर होता; पण पुढें काय करावें हें दोन वाक्यांत सांगण्याची सवड आम्हीं काढली नाहीं. मुलगा त्या वर्षीं घरींच राहिला. तें आम्हांस अजून बोचतें.

त्यावेळीं न सांगितलेलें येथें सांगतों. मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे (यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारसाच्या नोंदीचा अर्ज द्यावा. फेरफार लिहिला जातो, हितसंबंधितांस पंधरा दिवसांची नोटीस निघते, व हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. येथें पुष्कळजण थांबतात, आणि फसतात. कारण वारस लागले तरी खातें सामाईकच राहतें. भावांची संमति असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणें तहसीलदारांकडे वाटप मागून आपला आठ-अ वेगळा करून घ्यावा. रुसवेफुगवे असतील तर ते मुलगा दहावींत असतांनाच मिटवावे. प्रवेशाच्या घाईंत भाऊ सहीस येत नाहींत, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून तो एप्रिलांत नवा काढावा. आधारपत्र, गुणपत्रिका व बँकेचें खातें या तिहींवर मुलीचें नांव अक्षरशः एकच आहे कीं नाहीं, तें त्याच वेळीं ताडून पाहावें.